पात्र आणि प्याला

नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत अभिनवगुप्ताचार्यांनी नटाविषयी एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. हा काश्मिरी पंडित सुमारे एक हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. नाटकातील रसाचा आस्वाद कोणाला मिळतो, नटाला की प्रेक्षकाला, याचा ऊहापोह करताना तो म्हणतो की, नटाला ‘पात्र’ म्हणतात ते उगाच नव्हे. मद्याची चव पिणाऱ्याला कळते, ज्या पात्रात ते ओतलेले असते त्या पात्राला कळत नाही. पात्र हे आस्वादाचे केवळ साधन होय. आचार्यांना दुधाचा किंवा मधाचा दृष्टांत घेता आला असता. त्यांनी नेमका मद्याचा घेतला, आणि मराठी रंगभूमीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यांचे मन तो वाचताना चरकल्यावाचून राहत नाही.

कारण आमच्याकडे पात्रालाच झिंग चढल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्यांपैकी एकाचे नाव आजही घरोघर ठाऊक आहे. डॉ. काशीनाथ घाणेकर हे मूळचे चिपळूणचे, व्यवसायाने दंतवैद्य. वसंतराव कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात १९६२ साली त्यांनी संभाजीची भूमिका केली आणि महाराष्ट्राला वेड लाविले. पुढे १९६६ साली ‘अश्रूंची झाली फुले’ मध्ये ते लाल्या झाले. ‘पाठलाग’ व ‘मधुचंद्र’ या बोलपटांनी त्यांची मुद्रा, ज्यांनी नाट्यगृह कधी पाहिले नाही, त्यांच्याही ओळखीची केली. प्रयोगापूर्वी नटांची नावे पुकारीत असताना त्यांचे नाव सर्वांत शेवटी, ‘आणि’ असे म्हणून किंचित थांबून मग उच्चारीत. त्या ‘आणि’ नंतरच्या क्षणभराच्या शांततेत सारे प्रेक्षागृह श्वास रोधून बसे, व नाव उच्चारले जाताच टाळ्यांचा कडकडाट होई. २०१८ साली त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला तेव्हा त्याच्या नावातही हे ‘आणि’ अग्रभागी ठेविले गेले, हे योग्यच झाले.

लाल्या हा वाया गेलेला विद्यार्थी. विद्यानंद नावाच्या सच्छील प्राध्यापकाच्या मायेने तो सन्मार्गाला लागतो. म्हणजे हा नट रात्रीमागून रात्र हजारो लोकांसमक्ष सुधारत होता. पडदा पडला की मात्र त्या सुधारलेल्या लाल्याचा डॉ. घाणेकरांना काही उपयोग होत नसे. मद्याने त्यांच्या आयुष्याची व कारकिर्दीची किती हानी केली हे लपलेले नाही. त्यांच्या पत्नी कांचनताईंनी ‘नाथ हा माझा’ या पुस्तकात पतीचे गुण व दोष दोन्ही धैर्याने मांडले आहेत. २ मार्च १९८६ रोजी, नाटकाच्या दौऱ्यावर असताना, अमरावती येथे त्यांचा अंत झाला. वय साठीच्याही आतले होते.

या शोकांतिकेचा सारा दोष बाटलीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आमच्या मते बाटलीच्या आधी दुसरे एक मद्य पाजले गेले होते, आणि ते पाजणारे आपणच. ज्याला ‘आणि’ नंतरच्या टाळ्यांची सवय जडली, त्याने रात्री बारा वाजता रंग पुसून, एखाद्या परगावच्या उताराच्या खोलीत, भिंतीकडे पाहत बसावयाचे ते कोण म्हणून? संभाजी म्हणून नव्हे, लाल्या म्हणून नव्हे. दंतवैद्यकीचा धंदा मागे पडलेला. त्या तासाला जो ‘मी’ लागतो तो पुष्कळ नटांनी कधी घडविलेलाच नसतो. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ मधील अप्पासाहेब बेलवलकर हा याच दुःखाचा धनी आहे: जन्मभर राजांची वस्त्रे ल्याल्यामुळे साधा म्हातारा बाप होऊन मुलांच्या घरी राहणे त्याला साधत नाही.

आता जो प्रश्न आम्हास विशेष महत्त्वाचा वाटतो त्याकडे वळतो. राम गणेश गडकऱ्यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी झाला, आणि त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणिला. सुधाकर गणपतराव बोडसांचा, सिंधू बालगंधर्वांची. त्या नाटकाचा बोध म्हणून पहिल्या प्याल्यापासून सावध राहावे एवढेच शाळांतून सांगतात. तळीराम व त्याचे मदिरामंडळ सर्वांच्या स्मरणात असते. परंतु सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, शपथ घेतो, आणि शुद्धीवर असलेला तो बुद्धिमान वकील नोकरीसाठी जुन्या स्नेह्यांच्या व प्रतिष्ठितांच्या दारी जातो, हा भाग फारसे कोणी आठवीत नाही. तेथे त्याला अपमान मिळतो. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो तो त्यानंतर. पहिला प्याला तळीरामाने दिला हे खरे. दुसऱ्या खेपेचा प्याला मात्र सभ्य समाजाने भरला, आणि सिंधूचा संसार बुडाला तो या दुसऱ्या प्याल्यात. गडकऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी दिसले होते.

ज्या मुलुखात आम्ही राहतो तेथे हा विषय पुस्तकी नाही. बारामतीहून इंदापुरास निघाले म्हणजे भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या वाटेवर दुतर्फा ऊस दिसतो. गेल्या शतकाच्याही आधी नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, मागून साखर कारखाने आले, आणि उसाचे बिल हाती पडण्याचे दिवस व यात्राजत्रांचे दिवस असे मागेपुढे येऊ लागले की करमणुकीला व पिण्याला एकदमच बहर येतो. उसापासून साखर, साखरेची उरली ती मळी आणि मळीपासून मद्यार्क, अशी ही साखळी आहे. मोरोपंतांच्या बारामतीत राहून असे लिहावे लागते. ‘हे त्या लोकांत चालते, आमच्या घरात नाही’ असे म्हणणाऱ्या आपल्या वर्गातील गृहस्थांस आम्ही एवढेच विचारतो की, दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात पूर्वी ज्ञानेश्वरी असे, तेथे हल्ली काय मांडलेले असते?

आमचा एक जुना विद्यार्थी इंदापूर तालुक्यातील. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. लिहितो ते त्याच्या संमतीने. हंगामात एका कारखान्यात कारकुनी करावयाची व यात्रेच्या दिवसांत गावोगावच्या हौशी मंडळींच्या नाटकांतून भूमिका करावयाच्या असा त्याचा क्रम होता. आवाज खणखणीत, पाठांतर पक्के. पंचविसाव्या वर्षी एका गावी प्रवेशापूर्वी छातीत धडधडू लागले, तेव्हा नाटक बसविणाऱ्या एका वडीलधाऱ्या माणसाने ‘याने आवाज मोकळा होतो’ म्हणून पेला पुढे केला. आवाज मोकळा झाला, टाळ्याही पडल्या. पुढे पुढे पेल्यावाचून विंगेबाहेर पाऊल पडेना. त्यानंतर पेल्यावाचून सकाळी अंथरुणाबाहेर पाऊल पडेना.

घरात काय झाले ते वाचक-भगिनींच्या परिचयाचे असेल. पत्नीने कचेरीत तापाचे निरोप धाडले, आईने अब्रूस भिऊन दागिना मोडून उधारी फेडली, आणि दोघींनी एकमेकींपासून हे लपविले. माया होती यात शंका नाही, परंतु त्या मायेने प्रत्यही त्याचे पिणे सुकर केले. अखेर सासऱ्यांनी त्याला खोलीत कोंडले. तिसऱ्या दिवशी त्याला आकडी आली. येथे जरा थांबून सांगावेसे वाटते की, वर्षानुवर्षे पुष्कळ पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली म्हणजे हातांना कंप सुटतो, काहींना आकडी येते, भ्रम होतो, आणि प्रसंगी प्राणही जातो. पहिले काही दिवस वैद्यकीय देखरेख हवी. कोंडून घालणे किंवा देवापुढे माळ घालून घरी बसविणे हे धोक्याचे आहे. माळ घालावयाचीच तर डॉक्टरांस विचारून घालावी.

बारामतीच्या डॉक्टरांनी जीव वाचविला व पुण्यास जाण्याचा सल्ला दिला. पुण्यात या कार्याचा पाया ‘मुक्तांगण’ने घातला आहे. डॉ. सुनंदा अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांनी व त्यांचे पती अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, ही संस्था उभारली ती १९८६ साली, म्हणजे ज्या वर्षी डॉ. घाणेकर गेले त्याच वर्षी. या योगायोगावर भाष्य करण्याचे आम्हास धाडस होत नाही. व्यसनी माणूस हा पापी नसून आजारी आहे, आणि आजारी असला तरी बरे होण्याची जबाबदारी त्याची आहे, या दोन्ही गोष्टी एकदम धरून चालणारी ही दृष्टी आहे. दोहोंपैकी एकच धरणारे आपल्यात फार.

आमचा विद्यार्थी पुण्यातील अशाच एका केंद्रात राहिला. तेथे सकाळी सर्वांनी वर्तुळात बसून आपापली हकीकत सांगावयाची असे. याने पहिल्याच दिवशी अशी हकीकत सांगितली की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावले. कोठे थांबावे, कोठे आवाज चिरकावा, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. संपल्यावर शेजारी बसलेला एक वयस्क ट्रकचालक शांतपणे म्हणाला, “प्रवेश झकास झाला. आता तुमचं बोला.” तो आम्हास सांगत होता, “गुरुजी, त्या वाक्याचा मला संताप आला, आणि रात्री मी स्वतःचं बोलून पाहिलं तर शब्दच येईनात.” दोन आठवडे तो त्या वर्तुळात जवळजवळ गप्प होता. मग एके दिवशी, खालच्या आवाजात, त्याने आईच्या मोडलेल्या पाटलीची गोष्ट सांगितली. कोणाचेही डोळे पाणावले नाहीत. तो म्हणतो, तेव्हापासून आपण बरे होऊ लागलो.

अमेरिकेत ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली एका शेअर दलालाने व एका शल्यवैद्याने सुरू केलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या मंडळाचा सांप्रदाय आता जगभर पसरला आहे. त्यातील सभेत माणूस आपले नुसते पहिले नाव सांगतो व मद्यासक्त असल्याचे कबूल करतो. हुद्दा नाही, आडनाव नाही, मागची कीर्ती नाही. नटाला हे किती कठीण जात असेल! ज्याच्या नावापूर्वी ‘आणि’ म्हणून थांबत असत, त्याने ते नाव कोणीही न थांबता ऐकू द्यावयाचे. व्रतही जन्माचे घ्यावयाचे नाही, आजच्या दिवसापुरते.

घरी परतल्यावरचे पहिले वर्ष त्याला सर्वांत अवघड गेले. वाटेत गाठून ‘आता एका घोटाने काय होतंय’ म्हणणारे भेटले, आणि त्याहून वाईट, त्याला पाहताच खिशाला हात लावून पैसे तपासणारे भेटले. सहाव्या महिन्यात तो एकदा घसरला. पत्नीने या खेपेस तापाचा निरोप धाडला नाही. खरे कारण कळविले, आणि त्याला घेऊन त्याच दिवशी पुण्यास गेली. त्या गोष्टीला आज अकरा वर्षे झाली. नंतरची चार वर्षे त्याने तोंडाला रंग लावला नाही. नाटकाची ओढ मात्र अनावर, म्हणून विंगेत पुस्तक धरून बसू लागला. ज्याचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पलीकडे पोहोचता कामा नये असे काम त्याने आनंदाने केले. त्याच काळात त्याने कारकुनीत कायमची जागा मिळविली व आईची पाटली पुन्हा घडविली.

मध्यंतरी बारामतीच्या एका गणेशोत्सवात ‘एकच प्याला’तील निवडक प्रवेश करावयाचे ठरले. चालकांपैकी एकजण हसत म्हणाला, “सुधाकर तुम्हीच करा, अनुभवाचा माणूस!” पूर्वीचा तो असता तर एक तर भांडला असता, नाही तर त्या रात्री प्याला असता. त्याने एक दिवस विचारास मागितला. घरी पत्नी म्हणाली, “करायची तर करा. पण त्या पेल्यात काय ओतायचं ते मंडळाच्या पोरांवर सोडू नका.”

प्रयोगास आम्ही गेलो होतो. सुधाकर पूर्वीच्या मानाने पुष्कळ खालच्या पट्टीत बोलत होता, आणि मागच्या रांगेतून ‘आवाज’ अशी ओरडही एकदोनदा झाली. दारे ठोठावून परतलेल्या सुधाकराचे भाषण मात्र त्याने जवळजवळ न हलता म्हटले, तेव्हा ओरडणारे गप्प झाले. पेल्यात कोरा चहा होता. घरून आणिलेल्या थर्मासातून त्याने तो विंगेत स्वतः ओतून घेतला होता. प्रवेश संपल्यावर आम्ही भेटावयास आत गेलो तो लोक त्याच्या भोवती जमले होते. त्याने सर्वांस नमस्कार केला, नळावर पेला विसळला, रुमालात गुंडाळून पिशवीत ठेविला, आणि इंदापूरची शेवटची बस किती वाजता सुटते ते आम्हास विचारले.