मूल रोडवरची टू-ट्वेंटी

चंद्रपूर मागे टाकून मूलकडे निघालं की दोन्ही बाजूंनी जंगल येतं. रात्री या रस्त्यावर पल्सर 220 ची एक खोड लगेच कळते. एकाखाली एक बसवलेले तिचे दोन प्रोजेक्टर दिवे फेअरिंगमध्ये आहेत आणि फेअरिंग चेसिसला पक्कं. त्यामुळे हँडल वळतं, दिवा वळत नाही. वेगात गाडी झुकते तेव्हा हे जाणवत नाही. पण खड्डे चुकवत सावकाश वळताना उजेड सरळ सागाच्या झाडीत शिरतो. तिथे चितळांचे डोळे लखलखतात आणि वळणावर उभा रोही मात्र अंधारातच राहतो.

पल्सर आली 2001 मध्ये. तिची 220 सीसीची बहीण 2007 ला फ्युएल इंजेक्शन घेऊन उतरली. बजाजने 2009 मध्ये ते काढून कार्बोरेटर बसवला, किंमत उतरवली आणि ‘फास्टेस्ट इंडियन’ म्हणून जाहिरात केली. हे मागे जाणं शहरातल्या जाणकारांना खटकलं असेल. आलापल्ली-भामरागडच्या बाजूला मात्र ते वरदानच ठरलं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. अशा मुलखात संगणक लावून दोष शोधणारा मेकॅनिक कुठून आणायचा? कार्बोरेटर खोलून, जेटमध्ये फुंकर मारून गाडी चालू करणारा मिस्त्री चौकात सापडतो. पुढे 2020 च्या बीएस-6 नियमांनी इंजेक्शन पुन्हा आणलंच.

हँडल खाली, वजन मनगटावर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा सिग्नलवर इंजिनाची धग पोटऱ्यांना लागते. ऑइल कूलर इंजिनाला सांभाळतो, आपल्याला नाही. घुग्घुसकडे रोजचं जाणं असेल तर कोळशाची भुकटी चेनच्या तेलात मिसळून काळा मलम होतो. तो पुसल्याशिवाय वरून नवं तेल सोडणं म्हणजे चेनला पॉलिश पेपर लावणं.

मग घ्यायची कशाला? व्याहाडच्या पुढे वैनगंगेच्या पुलाकडे जाताना धानाची बांधी दोन्हीकडे पसरते. पुढे कोळशाचा ट्रक, समोरून रस्ता मोकळा. पाचवा गिअर उतरवून चौथा टाकायचा, मूठ पिळायची. गाडी एक दम घेते आणि ट्रक आरशात जातो. हा आनंद मोजून अर्ध्या मिनिटाचा असतो. जंगलात तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रानडुक्कर इंडिकेटर देत नाही.

मागची सीट उंच आणि तुटक. त्यावर बायको नाखुशीनेच बसते, आई बसतच नाही आणि धानाचा कट्टा तर ठेवताच येत नाही. त्या कामाला अंगणात स्प्लेंडर लागतेच.

बजाजने 2022 मध्ये ही गाडी बंद केली, 2023 मध्ये परत आणली. जुनी घेणार असाल तर इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून बघा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल, तर चहा घ्या आणि तासाभराने पुन्हा मारा.