पोहणारी मुले आणि किड्यांचे चावे

एप्रिल-मेमध्ये मुलांचे पोहण्याचे वर्ग सुरू होतात आणि आठवड्याभरात घराघरांतून ऐकू येते, "पाण्याने पुरळ आलं, वर्ग बंद करू." बहुतेक वेळा दोष पाण्याचा नसतो. तलावातल्या क्लोरीनने त्वचा कोरडी पडते आणि अंगभर खाज सुटते. किडा चावल्याचे फोड उघड्या हातापायांवर, दोन-तीन जवळजवळ उठतात आणि मध्ये बारीक ठिपका दिसतो. लहान मुलांच्या शरीराला डासाच्या लाळेची सवय नसते. म्हणून आईला जिथे पुळी येते, तिथे मुलाला रुपयाएवढी सूज येते. वयाबरोबर हे कमी होते.

संध्याकाळच्या वर्गात मूल ओल्या अंगाने, उघडे बाहेर येते तीच डासांची वेळ. आधी लावलेले डासांचे मलम पाण्यात धुऊन गेलेले असते. म्हणून अंग पुसून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि मलम तेव्हा लावा. मुलाच्या तळहातांना मात्र नको. ते हात डोळ्यांत, तोंडात जातात.

चावा साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा, कॅलामाइन लावा. नखे कापा, कारण खरा त्रास खाजवण्याने होतो. चुना किंवा टूथपेस्ट लावू नका. फोडात पू झाला, पिवळी खपली धरली किंवा लाली पसरली, तर डॉक्टरांना दाखवा आणि बरे होईपर्यंत पोहणे थांबवा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वस्तीत नळ रोज येत नाही, पिंप भरावेच लागते. ते झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. ताप आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका.

चाव्यानंतर तोंड सुजले, श्वास लागला, तर १०८ ला फोन करा. विंचू चावल्यास मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. महाड भागात काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेक जीव वाचवले.

त्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. गावची विहीर ज्यांना बंद होती, त्या घरांत पोहायला शिकवणार कोण? आजही मूल बुडाले की "आसरांनी ओढलं" म्हणतात. ओढत कोणी नाही. पोहता येत नसते आणि जवळ कोणी नसते. चार फोडांसाठी वर्ग सोडवू नका. पण हवेची ट्यूब आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. ते हाताच्या अंतरावर असावे आणि तुमचा मोबाइल पिशवीत.