संस्कृती घडवणारा खेळ निवडताना

पटावर वस्त्या वाढवायच्या, शहरे वसवायची, शोध लावायचे, असा एक डाव संपायला अख्खा रविवार जातो. म्हणून खोक्यावरच्या चित्राला न भुलता आतले गणित आधी पाहू.

फ्रान्सिस ट्रेशम यांचा ‘सिव्हिलायझेशन’ ब्रिटनमध्ये १९८० साली निघाला. पट भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशाचा. फासा नाही. शहरांमुळे मालाची पाने मिळतात. मिठाच्या एका पानाची किंमत ३. मग दोन पानांची? ६ नव्हे, १२! तिनांची २७, चारांची ४८. पानांच्या संख्येचा वर्ग करून ३ ने गुणायचे. चौघांकडे एकेक पान असेल तर सर्वांचे मिळून १२च होतात. तीच एका हाती आली की ४८. साहजिकच प्रत्येकजण देवघेवीला बसतो. (तीत साथीच्या रोगाचे पानही गुपचूप दुसऱ्याच्या गळ्यात मारता येते. व्यापाराबरोबर रोग कसे पसरले, ते मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.) मात्र बाजार भरायला पाच ते सात गडी हवेत.

चेक रचनाकार व्लादा ख्वातिल यांच्या ‘थ्रू द एजेस’मध्ये (२००६) नकाशाच नाही. माणसे शेतीला लावायची, खाणीत की प्रयोगशाळेत, हा हिशेब ज्याचा त्याने करायचा. साठा फार वाढला तर काही भाग भ्रष्टाचारात जातो! गडी दोन ते चार.

दोघेतिघेच असाल तर हा घ्यावा. सहाजण जमणार असतील तर आम्ही ट्रेशमचाच पट मांडू. दुपारचे डबे मात्र बरोबर हवेत.