संग्रहालयाची वानगी

धान्याचा व्यवहार वानगीवर चालतो, हे आमच्या व्यापारी बंधूंना सांगावयास नको. शंभर पोत्यांची थप्पी कोणी उलगडून पाहत नाही. पोत्यात सळई खुपसून मूठभर दाणा काढावयाचा, तळहातावर पसरावयाचा, चार दाणे दाताखाली फोडावयाचे आणि मग भाव बोलावयाचा. ही मूठ पोत्याच्या पोटातली असेल तर सौदा टिकतो. वरच्या थरातून निवडून काढलेली असेल तर माल गिऱ्हाइकाच्या दारी उतरताच तंटा उभा राहतो. गेल्या वर्षी एका लहानशा संग्रहालयाची ओळख करून देणारी चित्रफीत तयार करण्याच्या कामात आम्हांस पडावे लागले. चित्रपटकलेचे आम्हांस काडीचेही ज्ञान नाही. परंतु वानगी म्हणजे काय, हे चाळीस वर्षे गादीवर बसून कळले आहे, आणि तेवढ्या भांडवलावर जे काम झाले त्याची हकीकत ह्या स्मरणिकेत देण्याचे योजिले आहे.

हे संग्रहालय जोयडा तालुक्यात आहे. संग्रहालय हा शब्दही त्याला थोडा मोठाच. एका निवृत्त गुरुजींनी वीस-पंचवीस वर्षे खेडोपाडी हिंडून जमविलेल्या वस्तू शाळेच्या जुन्या दोन खोल्यांत मांडल्या आहेत, इतकेच. पण ज्या मुलुखातल्या त्या वस्तू आहेत त्याची कथा वाचकांनी ध्यानात घ्यावी. ह्या तालुक्याचे जुने नाव सुपा. काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावर सुपे हे तालुक्याचे गाव होते. बाजार होता, कचेऱ्या होत्या, देवळे होती. काळी नदीवर १०१ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले, ते १९८७ साली पुरे झाले, आणि सुपे पाण्याखाली गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या. विस्थापितांपैकी पुष्कळांची घरे रामनगरला वसली. आमची पेढी हल्याळची. वडिलांबरोबर लहानपणी आम्ही सुप्याच्या बाजारात गेलेलो आहोत, म्हणून त्या नावाशी आमचे थोडे नाते आहे.

गुरुजींच्या संग्रहात राजेरजवाड्यांचे काही नाही. इरली आहेत, कोयता अडकविण्याच्या कमरेच्या आकड्या आहेत, लाकडी नांगर, जाती, मुसळे, रोवळ्या, बांबूची एक भली थोरली कणगी, मोडीत लिहिलेल्या दोन रोजकीर्दी, आणि एका फळीवर ओळीने मांडलेली मापे: चिपटे, मापटे, शेर, पायली. बुडालेल्या घरांतून उचलून आणलेल्याही काही वस्तू त्यांत आहेत. पाहावयास येणारे मात्र थोडे. दांडेलीला नावेत बसण्यासाठी आणि वाघ पाहण्यासाठी पुणे-मुंबई-गोव्याचे लोक गाड्या भरभरून येतात. ह्या दोन खोल्यांकडे वळणारा विरळा. तेव्हा गुरुजींच्या मनात आले, की पाच-सहा मिनिटांची एक चित्रफीत असावी, ती पाहून लोकांनी यावे.

पैशासाठी ते आमच्याकडे आले. आम्ही पाच व्यापाऱ्यांनी प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचे कबूल केले. शहरातील एका धंदेवाईक मंडळीस विचारता त्यांनी १,२०,००० रुपये सांगितले. त्यांत धरणाच्या पाण्यावरून उडणाऱ्या यंत्राने घेतलेली दृश्ये, सूर्यास्त, धुक्यातले रान आणि भारदस्त आवाजातले निवेदन अशी सगळी तजवीज होती. दोन खोल्यांचे दर्शन, आम्ही हिशेब केला, चाळीस सेकंदांचे होते. आमच्या पुतण्याला ती कल्पना भारी आवडली. "काका, लोक हेच बघतात," तो म्हणाला. लोक हेच बघतात हे खरे. परंतु हे बघून बेळगावहून किंवा मडगावहून घाटाची वळणे चढून आलेला मनुष्य त्या खोल्यांत शिरल्यावर काय म्हणेल? वरच्या थराची वानगी ती हीच. शिवाय तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. तेथील रानात चित्रण करावयाचे तर वनखात्याची परवानगी लागते, आणि उडत्या यंत्राला २०२१ च्या नियमांचे निर्बंध निराळेच. पैसा आणि परवानगी ह्या दोन्हींनी आमचा रस्ता ठरवून टाकला: खोल्यांबाहेर फारसे जावयाचे नाही.

थोड्या पैशांत काय होऊ शकते, ह्याचे उत्तर आपल्याच भाषेच्या मुलखातले आहे आणि तेही आमच्या धंद्यातले. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी भांडवलदारांस विश्वास वाटावा म्हणून एक चिमुकला चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखून ठेवला, आणि दिवसामागून दिवस थोडी थोडी चित्रे घेत कोंब फुटून वेल वाढेपर्यंतची सारी हकीकत पडद्यावर मिनिटाभरात उभी केली. नट नाही, पोशाख नाही, खर्च म्हटला तर फिल्मचा आणि वाट पाहण्याचा. तो पाहून यशवंतराव नाडकर्णी आदी मंडळींनी कर्ज देऊ केले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने गहाण टाकू दिले. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. एरवी आपल्याकडे नकार द्यावयाचा तर वाटाण्याच्या अक्षता लावतात. ह्या एका वाटाण्याने मात्र होकार मिळविला! तो मिळविला कशामुळे, तर जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते त्याने दाखविले म्हणून.

घरगुती वस्तूंचे मोल ओळखण्याचे काम व्यापाऱ्यांनी पूर्वी केलेले आहे. पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय करणारे दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये असल्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहास दिले, आणि १९७५ साली तो सारा राज्यशासनाच्या स्वाधीन केला. आमच्या घाटाखाली बाणावलीस व्हिक्टर ह्युगो गोम्स ह्यांनी गोव्यातील टाकून दिलेली शेतीची अवजारे जमवून 'गोवा चित्र' उभारले आहे. ही दोन्ही मोठी कामे. जोयड्याच्या दोन खोल्यांची त्यांच्याशी बरोबरी नाही. परंतु अडचण तिन्हीकडे एकच. काचेमागची वस्तू दिसते, पण ती वापरीत कशी, हे दिसत नाही.

हे आम्हांस ज्यांनी शिकविले ते ऐंशी उलटलेले एक कुणबी गृहस्थ. पूर्वी ते सुप्याच्या बाजारात भात मोजण्याचे काम करीत. पुतण्याने पायली काळ्या कापडापुढे ठेवून चित्रण चालविले होते. म्हातारबुवा दारात बसून पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "सावकार, रिकाम्या मापाचं चित्र कशाला काढताय? भात आणा." माप रिकामे दाखवू नये, असा त्यांचा समज. दुसऱ्या दिवशी आम्ही पेढीवरून दोन पोती भात पाठविले. चटईवर रास घातली. म्हाताऱ्याने मांडी घातली, पायली हातात घेतली, राशीस नमस्कार केला आणि पहिले माप ओतताना म्हटले, "लाभ!"

एक म्हणावयाचे नाही. पहिल्या मापाला लाभ, मग दोन, मग तीन. जुन्या वाचकांना हे ठाऊक असेल. पुतण्याने तो शब्द त्या अर्थाने जन्मात प्रथम ऐकला. प्रत्येक आकडा पुढले माप भरेपर्यंत लांबवीत राहावयाचा, म्हणजे मध्येच कोणी बोलले तरी मोज चुकत नाही. वीस मापे झाली की एक चिमूट भात बाजूला. हात, आवाज आणि दाण्याचा सरसर पडण्याचा नाद ह्यांचा एकच ठेका होता. दशमान वजनांचा कायदा १९५६ चा. १ एप्रिल १९६२ पासून वजनांच्या बाबतीत तो सक्तीचा झाला. खेड्यातल्या अंगणात मापे त्यानंतरही फिरत राहिली, पण आज असे मोजणारे ह्या टापूत किती उरले असतील, ते बोटांवर मोजता येईल. मापे आणखी शंभर वर्षे फळीवर राहतील. ठेका राहणार नाही.

मग त्यांनी शीग दाखविली. पायली काठोकाठ भरल्यावर वर दाणा ओततच राहावयाचे, निमुळते शिखर चढते, दाणे कडेने ओघळू लागतात. ते शिगेचे माप. त्यावर हात फिरविला की ते सपाट माप. दोहोंत भरघोस दीड ओंजळीचा फरक. आणि कॅमेऱ्याकडे न पाहता, सहज, ते बोलले, "घेताना शीग, देताना सपाट. सावकाराचं माप एकच, हात दोन."

खोलीत सगळे गप्प झाले. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला.

चित्रफीत जुळवून झाल्यावर आम्ही ती पाचही वर्गणीदारांस दाखविली. एका सन्मान्य गृहस्थांनी स्पष्ट विचारले, "आपल्याच पैशाने आपलीच बदनामी?" ते वाक्य काढून टाकावे, बाकी सर्व उत्तम आहे, असे त्यांचे म्हणणे. राग समजण्यासारखा होता. सर्वच पेढ्या तशा नव्हत्या. दुष्काळात उधारीवर धान्य देऊन वसुली सोडून दिलेल्या पेढ्याही आम्हांस ठाऊक आहेत. परंतु शिगेचे माप दाखवावयाचे आणि ती कोणाच्या पदरात पडे ते दाखवावयाचे नाही, तर माप दाखविलेच कशाला? म्हाताऱ्याने जन्मभर आमच्यासारख्यांच्या ओट्यावर बसून मोजले. त्याची साक्ष कापण्याचा अधिकार वर्गणीने मिळतो असे आम्हांस वाटले नाही. वाक्य राहिले. त्या गृहस्थांनी आपले ५,००० रुपये देण्याचे नाकारले. ते आम्ही आमच्या खात्यातून भरले. त्यांचा आमचा व्यवहार पूर्ववत चालू आहे, हेही येथे नमूद करतो.

कामाच्या दृष्टीने दोन-चार गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. चित्रण पुतण्याच्या फोनवरच झाले; तो आडवा धरून तिकाटण्यावर पक्का बसविला. दिवे भाड्याने आणले नाहीत, सकाळच्या उन्हात खिडकीशेजारी बसविले म्हणजे पुरे. कपाटांच्या काचा मात्र काढून ठेवाव्या लागल्या, कारण त्यांत चित्रण करणाराच दिसतो. खरा पैसा घालावयाचा तो आवाजावर. चित्र थोडे अंधुक असले तर लोक सहन करतात, बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातात. एका दिवशी पत्र्यावर पाऊस कोसळला आणि तासाभराचे बोलणे वाया गेले. ते मुसळे कांडण्याचे होते, पुन्हा करून घेतले. सिनेमातले गाणे पाठीमागे लावण्याचा मोह पुतण्याला झाला होता. हक्कधन्याच्या संमतीवाचून ते करता येत नाही, आणि दाण्याच्या आवाजापुढे त्याची गरजही नव्हती.

भाषेचा प्रश्न नाजूक. ह्या तालुक्यात घरात कोकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड, कचेरीत कन्नड. निवेदकाला कोणती भाषा बोलावयास लावावी ह्यावर गुरुजींच्या ओट्यावर दोन संध्याकाळ खल झाला. शेवटी निवेदकच नको असे ठरले. जो ज्या बोलीत बोलला त्याच बोलीत राहील, खाली मराठी व कन्नड अक्षरे येतील.

हिशेब असा: ध्वनिग्राहक व तिकाटणे ३,२०० रुपये, जुळणी ९,०००, चार वृद्धांस मानधन प्रत्येकी १,५०० प्रमाणे ६,०००, प्रवास व जेवणखाण ३,९००, भाषांतर व अक्षरजुळणी २,४००, एकूण २४,५००. उरलेले ५०० रुपये संग्रहालयाच्या पेटीत टाकले. भात परत पेढीवर आला.

चित्रफीत सहा मिनिटांची आहे. धरण तिच्यात एकदाच दिसते, तेही खोलीच्या भिंतीवरील जुन्या नकाशात, जेथे सुपे अजून जमिनीवर आहे. दांडेलीच्या काही विश्रामगृहांत ती पाहुण्यांस दाखवितात. येणारे वाढले आहेत असे गुरुजी म्हणतात. पैकी पुष्कळ जण पायली हातात मागतात, म्हणून एक पायली आणि टोपलीभर भात आता बाहेरच ठेवलेला असतो.

जुळणीत न घेतलेले सुमारे नऊ तासांचे बोलणे जपून ठेवले आहे. त्याची एक प्रत संग्रहालयात आणि एक आमच्या पेढीच्या तिजोरीत आहे. मोडीतील रोजकीर्दी वाचणारे कोणी आपल्या घरी असल्यास ते चित्रणही करावयाचे आहे. तसेच सुप्याच्या बाजारातील जुन्या चोपड्या, मापे, ताजव्यांची पारडी सभासदांच्या माळ्यांवर अजून असतील. त्या देऊन टाका असे आम्ही म्हणत नाही. आठवड्याभरासाठी पाठवाव्या, शक्य तर वापरणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासह. वस्तूची पोच आमच्या सहीने मिळेल, आणि जाण्यायेण्याचे भाडे पेढी सोसेल. पावसाळ्याआधी आल्यास बरे. पत्र्याची खोली तीच आहे.