चार काठ्यांचे मारिंबावादन : स्वरूप आणि अध्यापनक्रम

प्रस्तावना :
तरंगवाद्यांची परंपरा महाराष्ट्राला अपरिचित नाही. जलतरंग व काष्ठतरंग ही वाद्ये दोन काठ्यांनी वाजविली जातात. पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईतील हरिदास संगीत संमेलनात सादर केलेले संतूरही दोन कलमांनीच वाजते. मारिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे एकलवादन मात्र आज मुख्यत्वे चार काठ्यांनी होते. हा फरक कशामुळे पडतो आणि चार काठ्यांचे वादन कोणत्या क्रमाने शिकवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वाद्याची रचना :
मारिंब्याचे मूळ आफ्रिकेत असून ते मध्य अमेरिकेत रुजले. ग्वाटेमालाने १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय वाद्याचा दर्जा दिला. पाच सप्तकांच्या मारिंब्यात ६१ पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी खालच्या बाजूने मध्यभागी कोरलेली असते. त्यामुळे तिचा पहिला अधिस्वर मूळ स्वराच्या दोन सप्तके वर जुळविता येतो. पट्टीखालील नळी मूळ स्वराला अनुनाद देते. ज्या दोन ठिकाणी पट्टीचे कंपन जवळजवळ शून्य असते तेथून दोरी ओवलेली असते. त्या जागी आघात केल्यास नाद क्षीण होतो. खर्जातील पट्ट्या रुंद व वरच्या सप्तकातील अरुंद असल्याने एकच स्वरसमूह वाजविताना काठ्यांमधील अंतर सतत बदलावे लागते.

चार काठ्या कशासाठी ?
रागसंगीतात स्वरांची एकच धारा विकसित होते. तिच्यासाठी दोन काठ्या पुरतात. पाश्चात्य संगीतात तीन-चार स्वर एकाच वेळी निनादून स्वरसंवाद साधतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदांनी हा स्वरसंवाद आपल्या श्रोत्यांच्या कानी घातला. बुजी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी तेथे धातूच्या पट्ट्यांचे व्हायब्राफोन वाजविले. म्हणजेच काठ्यांची संख्या संगीताच्या गरजेतून ठरते, कसरतीच्या हौसेतून नव्हे.

पकड :
प्रत्येक हातात दोन काठ्या धरण्याच्या प्रमुख पद्धती दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात काठ्या तळहातात एकमेकींना छेदतात. पारंपरिक पकड व गॅरी बर्टन यांची पकड या प्रकारातील आहेत. दुसऱ्या प्रकारात काठ्या छेदत नाहीत. बाहेरची काठी अनामिका व करंगळी सांभाळतात, तर आतली काठी अंगठा व तर्जनी यांच्यात राहते. क्लेअर ओमर मसर यांच्या पकडीवरून लेह हॉवर्ड स्टीव्हन्स यांनी ही पद्धत विकसित केली व १९७९ मध्ये तिचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले.

अध्यापनाचा क्रम :
स्टीव्हन्स यांच्या पद्धतीत आघातांचे वर्गीकरण हालचालीनुसार केलेले आहे. दोन्ही काठ्या एकदम पडणारा आघात मनगटाच्या वर-खाली हालचालीने होतो. एकाच काठीचा आघात मात्र मनगट फिरवून साधावा लागतो. दुसरी काठी त्या वेळी जवळजवळ स्थिर राहते. त्यानंतर एका हातातील काठ्यांचे आळीपाळीचे व एकापाठोपाठ पडणारे आघात येतात. करंगळीवर अनभ्यस्त भार पडत असल्याने सरावाचा अवधी थोडा ठेवून वारंवार विश्रांती देणे आवश्यक आहे. वेदना सहन करीत केलेला सराव हाताला इजा पोहोचवितो.

मराठवाड्याच्या संदर्भात :
माहूरच्या रेणुकेच्या व तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळात संबळ वाजतो. संबळवादकाचे दोन्ही हात दोन भिन्न नादांच्या भांड्यांवर निरनिराळी कामे करतात. हातांच्या स्वातंत्र्याचे हे शिक्षण आपल्या भागात पूर्वीपासून आहे. मारिंबा हेच स्वातंत्र्य एका हाताच्या आत मागतो. मुखेडसारख्या ठिकाणी वाद्य सहज उपलब्ध नसले तरी पूर्वतयारी शक्य आहे. बाकावर खडूने पट्ट्या आखून पकडीचा सराव करता येतो. हार्मोनियमवर सा, ग, प एकत्र दाबून त्यातील प्रत्येक स्वर वेगळा ओळखण्याचा अभ्यास करता येतो.

निष्कर्ष :
चार काठ्यांचे वादन म्हणजे दोन काठ्यांच्या वादनाची दुप्पट नव्हे. एका वेळी अनेक स्वर ऐकणारा कान आधी घडला, तरच हाताच्या विभागणीला अर्थ प्राप्त होतो. म्हणून अध्यापकाने प्रथम श्रवण, नंतर पकड आणि शेवटी गती हा क्रम राखावा. रागसंगीतात वाढलेल्या विद्यार्थ्याजवळ लय व स्वरज्ञान असतेच. त्याला उणीव असते ती स्वरसंवादाच्या श्रवणाची, आणि ती भरून काढणे हे अध्यापकाचे पहिले कर्तव्य ठरते.