सोने साठवते ते पाणी
दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर नवे महाराष्ट्र सदन आहे. तिथून पश्चिमेला थोड्या अंतरावर रिज ही खडकाळ टेकड्यांची रांग लागते. अरवलीचे हे उत्तर टोक क्वार्ट्झाइटचे आहे. खडक अतिप्राचीन, गारेने (क्वार्ट्झने) भरलेला, तरी तिथे सोन्याची खाण नाही. याच अरवलीच्या दक्षिण भागात, बांसवाडा जिल्ह्यातल्या भुकिया-जगपुरा इथे मात्र सोन्याचा मोठा साठा आहे. त्यामुळे खडक जुना आहे किंवा त्यात गार आहे, एवढ्यावरून सोन्याचा अंदाज बांधता येत नाही. रिजचा क्वार्ट्झाइट म्हणजे दाबाने, उष्णतेने घट्ट झालेली जुनी वाळू. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतली गार मात्र भेगांमध्ये गरम पाण्यातून साकळली. प्रश्न पाण्याच्या वाटेचा आहे.

साध्या खडकात टनामागे जेमतेम काही मिलिग्रॅम सोने असते आणि खाण परवडायला सहसा ग्रॅमभर तरी लागते. सोने पाण्यात विरघळतच नाही, मग पाणी ते गोळा कसे करणार, असे कोणी विचारेल. नळाच्या पाण्याबाबत शंका बरोबर आहे. पण पर्वत घडताना कित्येक किलोमीटर खोलवर पाणी 300 अंशांच्या आसपास तापते, आणि त्यातल्या गंधकाशी संयोग होऊन सोने विरघळते. भूकंपाने भेग उघडली की दाब झपाट्याने उतरतो, हे संयुग मोडते आणि गारेबरोबर सोनेही तिथेच साठते. एका धक्क्याने नगण्य सोने जमते. शिरा भरायला असे असंख्य धक्के लागतात. भूकंपात दाबली गेलेली गार वीज निर्माण करते आणि त्यामुळे सोन्याचे कण एकमेकांवर जमतात, असे 2024मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी प्रयोगातून दाखवले. कोलारची शीर तर खाणकामगारांनी 3 किलोमीटरहून खोल खणली. ती खाण 2001मध्ये बंद झाली.

पुढे डोंगर झिजतो आणि काम ओढ्याकडे येते. सोन्याची घनता 19.3, गारेची 2.65. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्यामागे, तळखडकाच्या फटीत प्रवाह मंदावला की जड सोने काळ्या वाळूसोबत खाली बसते आणि हलकी रेती पुढे जाते. सुवर्णरेखा नदीच्या काठी वाळू धुऊन कण वेचतात ते याच गुणावर. मग हिमालयातून येणाऱ्या यमुनेने दिल्लीला सोने का दिले नाही? मैदानात येईपर्यंत कण फार बारीक होतात आणि अफाट गाळात विखुरतात. त्यांना एकत्र आणणारा चढउतार तिथे उरत नाही. सह्याद्रीचा काळा बसाल्ट लाव्हाचा, त्यात अशा शिरांची आशा फार थोडी. महाराष्ट्रात सोन्याचा शोध घ्यायचा तर तो नागपूर-भंडाऱ्याच्या साकोली पट्ट्यातल्या प्राचीन खडकांत घ्यावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोन्याच्या खुणा तिथे आढळल्या आहेत.