कोपर का दुखते?

दसरा-दिवाळी झाली, की तलवाड्याच्या भागातली माणसं ऊसतोडीला निघतात. तिथं नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणी हत्यारानं! कोयता बोथट झाला तर धार लावता येते. पण हात दुखू लागला तर?

कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा लागतो. चाचपून पाहा. मनगट वर उचलणारे स्नायू तिथं दोरीसारख्या पट्ट्यानं चिकटलेले असतात. मूठ घट्ट आवळून दिवसभर घाव घातले, की हा पट्टा आतून विरतो. मग तांब्या उचलताना, लुगडं पिळताना कळ येते. डॉक्टर याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. २००४ साली सचिन तेंडुलकरलाही हे दुखणं झालं होतं. टेनिस न खेळणाऱ्यांनाच ते जास्त होतं.

हाताला आराम द्या, असं सांगणं सोपं आहे. खाडा झाला की मजुरी बुडते. म्हणून जोडीनं पाळी बदलावी. एकानं तोडावं, एकानं मोळी बांधावी. कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळा, म्हणजे फार आवळावी लागत नाही. ओझं उचलताना तळहात वर असू द्या.

कळ थोडी उतरली, की हात मांडीवर पालथा टेकवा. मुठीत पाण्याची लहान बाटली धरा. दुसऱ्या हातानं मनगट वर करा, मग सावकाश खाली सोडा. असं रोज दहा-पंधरा वेळा करा. सुईनं लवकर बरं वाटतं, पण दुखणं पुष्कळदा उलटतं. बहुतेकांचा हात वर्षभरात आपोआप बरा होतो. बोटं बधिर झाली किंवा कोपर सुजून ताप आला, तर मात्र थांबू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा.